गाडी सुरू होण्याआधीच ठरलेलं

कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप लासलगावच्या बाजार समितीकडे निघाली आहे, असं समजा. केबिनमध्ये तिघं जण दाटीवाटीने बसलेत. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, मधे ज्याचा माल आहे तो शेतकरी, आणि खिडकीशी त्याचा भाचा. भाच्याची सकाळची एसटी चुकली, तालुक्याला काम होतं, म्हणून तो मामाबरोबर चढला. पुढच्या वळणावर गाडी उलटली तर तिघांनाही सारखाच मार बसेल. पण विम्याच्या कायद्याला या केबिनमध्ये तीन वेगवेगळी माणसं दिसतात. ड्रायव्हर हा गाडीमालकाचा पगारी माणूस, त्याची जबाबदारी विमा कंपनीवर. शेतकरी आपल्या मालाबरोबर निघालेला, त्याचीही जबाबदारी कंपनीवर. १९९४ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात ही जागा मिळाली. आणि भाचा? तो मालवाहू गाडीतला फुकट प्रवासी. त्याच्यासाठी विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. इतकंच नाही, तो शेतकरी ‘जरा हवेशीर बसतो’ म्हणून केबिन सोडून मागे गोण्यांवर जाऊन बसला, तर त्याचाही हक्क धोक्यात येतो. मालाच्या मालकाने केबिनमध्येच बसायला हवं, असे निकाल आहेत.

एकाच गाडीतल्या एकाच बाकावर कोण कशासाठी बसलाय, यावरून त्याच्या घरच्यांचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. याचं मला फार नवल वाटतं, आणि काळजीही. कारण लग्नसराईत आपल्याकडे अख्खं वऱ्हाड टेम्पोत उभं राहून जातं. जत्रेला, देवदर्शनाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरतात. त्यातल्या कुणालाही ठाऊक नसतं, की आपण कायद्याच्या दृष्टीने उघड्यावर बसलो आहोत.

अपघात घडायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. पण त्यात कुणाचं काय होणार, त्याचा बराचसा निकाल गाडी उभी असतानाच लागलेला असतो. नंबरच्या पाटीचा रंग, पॉलिसीतली एक ओळ, टायरमधली हवा, खांद्यावरून घेतलेला किंवा न घेतलेला पट्टा. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात.

विम्याची ही सक्ती आली कुठून, ते आधी पाहू. यांत्रिक वाहनामुळे गेलेला जगातला पहिला ज्ञात बळी म्हणून मेरी वॉर्ड यांचं नाव घेतात. या आयरिश बाईंनी सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिली होती. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी त्या आपल्या नात्यातल्यांनीच बनवलेल्या वाफेच्या गाडीतून निघाल्या, वळणावर खाली पडल्या आणि चाकाखाली आल्या. पुढे मोटारी वाढल्या आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. घोडागाडीच्या काळात नुकसान त्या मानाने थोडं असे. मोटार मात्र एका क्षणात एवढं नुकसान करू लागली, की ते भरून द्यायची ऐपत करणाऱ्याकडे नसायची. कोर्टाने भरपाईचा हुकूम दिला तरी देणाऱ्याकडे पैसाच नाही, मग त्या कागदाचं करायचं काय? ब्रिटनने १९३० साली यावर तोडगा काढला: दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. आपल्याकडे हेच तत्त्व १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आलं, १९४६ पासून प्रत्यक्षात लागू झालं आणि आजच्या १९८८ च्या कायद्यात कलम १४६ म्हणून उभं आहे.

हा थर्ड पार्टी विमा म्हणजे माणसाने केलेल्या करारांपैकी मला सर्वांत सुंदर वाटणारा करार. पैसे मी भरतो, पण त्याचं संरक्षण मिळतं ते मला अजून न भेटलेल्या माणसाला. कोणत्या तरी चौकात, कोणत्या तरी संध्याकाळी जो माझ्या गाडीसमोर येईल, त्याच्यासाठी मी आजच तरतूद करून ठेवलेली असते. त्याच्या जिवाला किंवा शरीराला झालेल्या इजेची भरपाई किती द्यायची, यावर पॉलिसीत कमाल मर्यादाच नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची आहे. आणि याचा हप्ता? सरकारने २०२२ च्या जूनपासून लागू केलेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये होता, कर वेगळा. दिवसाला दोन रुपये म्हणा. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये.

या दोन रुपयांच्या मागे काय उभं असतं, ते एक हिशेब मांडूनच कळेल. समजा, दुचाकीची धडक बसून एक ३२ वर्षांचा माणूस गेला. स्वतःचं वेल्डिंगचं दुकान, कमाई महिना २०,००० रुपये. घरी बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आधी हे बघतं, की हा माणूस जगला असता तर त्याची कमाई वाढली असती. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्यासाठी ही वाढ ४० टक्के धरायची, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिलं. झाले २८,०००. त्यातला काही पैसा तो स्वतःवर खर्च करणार. घरात चार माणसं अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा. उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. आता याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालात गुणकांचा तक्ता आहे; ३१ ते ३५ वयाला १६. गुणाकार येतो ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज वेगळं. हा आकडा म्हणजे त्या माणसाची किंमत नव्हे. तशी किंमत करताच येत नाही, आणि न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. ही त्याच्या घरी दर महिन्याला येणाऱ्या पैशाची गोळाबेरीज आहे, म्हणजे मुलांची शाळा न सुटावी एवढ्यापुरती.

विमा चालू असेल आणि बाकी सगळं कायदेशीर असेल, तर ही चाळीस लाखांची रक्कम कंपनी देते. विमा संपलेला असेल तर ती द्यायची दुचाकीच्या मालकाने, घर विकून, शेत विकून. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. लोक हिशेब त्या दंडाचाच करतात. खरा हिशेब चाळीस लाखांचा आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे नोंदणी पुस्तकात, आरसीवर, ज्याचं नाव आहे तो. आपण जुनी स्कूटर ओळखीच्या कुणाला विकतो, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो आणि मोकळे होतो. घेणारा सहा महिने आरटीओत जात नाही. या काळात त्याने कुणाला उडवलं तर मालक म्हणून नाव आपलंच निघतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे, मग गाडी मधल्या काळात किती हातांतून फिरली याला महत्त्व नाही. म्हणून गाडी विकली की आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघेपर्यंत पिच्छा सोडू नये. विकत घेणाऱ्यानेही चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. दुसऱ्याच्या इजेचं संरक्षण आपोआप त्याच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा तुलनेने सोपा विषय. गाडीची विमित किंमत दर वर्षी उतरते, दावा न केलेल्या वर्षांची सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते, आणि ही सूट गाडीला नव्हे, माणसाला मिळते. गाडी बदलली तरी ती नव्या गाडीवर नेता येते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मात्र एक गैरसमज काढून टाकायलाच हवा. थर्ड पार्टी विमा गाडी चालवणाऱ्या मालकाला स्वतःला काही देत नाही. स्वतःच्याच चुकीने तो झाडावर आदळून गेला, तर त्याच्या घरच्यांना मिळतं ते मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचं, किमान १५ लाखांचं. तो पॉलिसीत आहे का, ते आजच काढून बघा. वारसदाराचं नाव घातलंय का, तेही बघा.

आता भाड्याच्या गाड्यांकडे. रस्त्यावरून जाणाऱ्या पाट्यांचे रंग ही एक पूर्ण लिपी आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाडं घेऊन चालणारी, परवान्याची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. गोव्यात उतरल्यावर भाड्याची स्कूटर घेताना हीच काळी पाटी आधी बघायची. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी. अक्षरं पांढरी असतील तर खासगी, पिवळी असतील तर भाड्याची.

हा रंग नुसता ओळखीपुरता नाही. पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाडीत बसलेल्या प्रत्येकाचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. तुम्ही भाडं देता तेव्हा त्यात तुमचं विम्याचं संरक्षणही आलेलं असतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीचं तसं नाही. तिची पॉलिसी केवळ थर्ड पार्टी असेल, तर आत बसलेल्या पाहुण्यांना त्या पॉलिसीत जागा नाही. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर आहे. पण त्याच पॅकेज पॉलिसीत एक ओळ छापलेली असते: गाडी भाड्याने द्यायची नाही. गल्लीतल्या कुणाची तरी सात सीटची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल आणि वर थोडे पैसे’ देऊन कोकणात न्यायची, हा आपल्याकडचा सर्रास व्यवहार. तो व्यवहार झाला त्या क्षणी विमा कंपनीला पाय मागे घ्यायला जागा मिळते. चार पैसे वाचतात, पण गाडीतल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर निघून जातं.

पिवळ्या पाटीतही किती माणसं बसली, ते मोजावं. सातारा-कोल्हापूरकडे वडापच्या जीपमध्ये शेवटचा माणूस दाराला लटकेपर्यंत गाडी हलत नाही. जास्तीच्या माणसांचं कायदा काय करतो? २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अंजना श्याम यांचं प्रकरण आलं. ४२ प्रवाशांची परवानगी असलेल्या बसमध्ये सुमारे ९० जण होते. न्यायालयाने विलक्षण मार्ग काढला. सगळ्यांची भरपाई आधी ठरवायची, त्यातल्या सर्वांत मोठ्या ४२ रकमा निवडायच्या, तेवढी बेरीज कंपनीने भरायची आणि मग ती सगळ्या पीडितांमध्ये प्रमाणात वाटायची. उरलेलं गाडीमालकाकडून. मला या निकालातली माणुसकी भावते. कुणालाच रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही. पण हेही उघड आहे, की गाडीत चढलेला प्रत्येक जास्तीचा माणूस बाकीच्यांच्या वाट्यातला घास कमी करत असतो.

गाडी ठरवताना ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाडीचा नंबर आदल्या दिवशीच मागून घ्यावा आणि मोबाइलवर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकावा. विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे, ते समोर येतं. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी घेऊच नये. स्वतः चालवायला गाडी घेत असाल तर ताब्यात घेण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. टायर, काचा, बंपरच्या खालची बाजू, पेट्रोलचा काटा, सगळं घ्या. गाडी परत देताना ‘हा ओरखडा तुमचाच’ या वादात तोच साक्षीदार.

आणि ड्रायव्हरची झोप. भाड्याच्या गाडीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. अष्टविनायक दोन दिवसांत, कोल्हापूर-पन्हाळा-गणपतीपुळे तीन दिवसांत, असे बेत आपण आखतो आणि आपण खोलीत झोपतो तेव्हा ड्रायव्हर गाडीतच सीट मागे टाकून, डास मारत पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघायचं म्हणून आपणच त्याला उठवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत त्याचे डोळे तीन सेकंद मिटले, तर गाडी ६६ मीटर आपोआप गेलेली असते, कुणीही न चालवता. झोपेची डुलकी यायला तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. खोल्या बुक करताना एक पलंग ड्रायव्हरचा धरा. रात्रीचा प्रवास करायचाच असेल तर दोन ड्रायव्हर सांगा. दुपारी जेवणानंतर त्यांना अर्धा तास पडू द्या. ते स्वतः मागणार नाहीत. भाडं हातचं जाईल अशी भीती त्यांना असते.

आता रस्त्याला लागू. चाक रस्त्याला टेकतं किती? टायरमध्ये दर चौरस इंचाला ३३ पौंड हवा भरली आहे, आणि माणसांसकट गाडीचं वजन १,२०० किलो, म्हणजे साधारण २,६५० पौंड. वजनाला दाबाने भागा: ८० चौरस इंच. चार चाकांत वाटा: प्रत्येकी २०. म्हणजे साडेचार इंच लांब, साडेचार इंच रुंद असे चार चौकोन. वळणं, ब्रेक, पावसातली पकड, घरच्यांचा जीव, सगळं या चार चौकोनांवर. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात; २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. खाचा खोल दिसल्या तरी रबर वयानेही कडक होतं, भेगा पडतात. आणि खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत आली की खाच फक्त १.६ मिलिमीटर उरलेली असते. मग पावसाचं पाणी खाचांतून बाहेर पडायला जागा मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या वेळी ब्रेक दाबायचा नाही, चाक वळवायचं नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा.

घाटातलं नवल याहून मोठं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. उंचीवरच्या वजनात साठलेली ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी, आणि ती उष्णता होऊन जाते. माणसं-सामानासकट दीड टनांची गाडी या उतारावर एवढी उष्णता सोडते, की तेवढ्यात २५ लिटर पाणी उकळीला यावं. साडेचार टनांची भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर ७५ लिटर. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात, तर ही सगळी आग ब्रेकच्या चकत्यांत आणि ड्रममध्ये जाते. लायनर तापतात, त्यांची पकड सुटते. ब्रेकच्या तेलाला हवेतला ओलावा शोषून घ्यायची सवय आहे. जुन्या तेलातलं हे पाणी त्या तापाने उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाऊन टेकतं. लोक म्हणतात ब्रेक फेल झाले. खरं तर ते वरच्या वळणापासूनच फेल होत आलेले असतात. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं आणि ती उष्णता रेडिएटर-सायलेन्सरवाटे निघून जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारा ड्रायव्हर दिसला, तर तिथेच गाडी बाजूला घ्यायला सांगायचं. संकोच करायचा नाही.

आणि पट्टा. निल्स बोलीन हे इंजिनिअर आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत. १९५९ साली व्होल्वोसाठी त्यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा पट्टा केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. ताशी ५० किलोमीटरने गाडी भिंतीवर आदळली, की तिचं नाक सुमारे ६० सेंटिमीटर चुरगळतं; ते मुद्दामच चुरगळेल असं बनवलेलं असतं. पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबर त्या ६० सेंटिमीटरमध्ये थांबतो आणि त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सोळा पट जोर येतो. बरगड्या दुखतात, पण माणूस जगतो. पट्टा न लावलेला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या डॅशबोर्डवर पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. तिथे जोर जवळजवळ दोनशे पट.

मागच्या सीटवरच्यांना हे नियम माफ नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा पुढच्यालाही घेऊन जातो. आणि मांडीवरचं मूल? दहा किलोचं बाळ या धडकेत १६० किलोंच्या जोराने पुढे ओढलं जातं. जगातल्या कुठल्याही आईचे हात ते धरून ठेवू शकत नाहीत. बाळासाठी वेगळी खुर्ची मिळते. ती मागच्या सीटवर बांधावी.

पावसाळ्याबद्दल एवढंच. पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनातला दट्ट्या हवेला दाबून तिचा दहावा हिस्सा करतो. पाणी दबत नाही. आत पाणी शिरलेलं असताना चावी मारली की पोलादी कनेक्टिंग रॉडच वाकतो. आणि विम्यातही नेमकं इथेच घोडं अडतं. पुराने झालेलं नुकसान कंपनी देते, पण बुडालेलं इंजिन तुम्हीच सुरू करायला गेल्याने झालेलं नुकसान, इंजिन संरक्षणाचं जास्तीचं कलम नसेल तर नाकारते. पाणी वाढत असेल तर गाडीचा मोह सोडून आधी काचा उघडा आणि बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही जण बंद गाड्यांमध्येच अडकून गेले.

स्लीपर बसमध्ये चढल्यावर चादर अंथरण्याआधी आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायची हातोडी कुठे आहे, ते बघून ठेवावं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. दार होतं त्याच बाजूवर ती पडली होती. २५ माणसं गेली.

अपघात झालाच, तर १०८ किंवा ११२. रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस किंवा डॉक्टर अडवू शकत नाहीत; नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर नाही. कलम १३४ अ मध्ये हे संरक्षण लिहिलेलं आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकड न मागता उपचार करायची योजनाही देशभर लागू झाली आहे. दवाखान्यात पैशांसाठी अडवलं, तर तिचं नाव घेऊन बोला. जागच्या जागी ‘मिटवून’ टाकायची घाई करू नका. पोलिसांत नोंद आणि विमा कंपनीला लगेच कळवणं, यावरच पुढचा दावा उभा राहतो. न्यायाधिकरणापुढे अर्ज करायला कायद्याने सहा महिने दिले आहेत, आणि तो अपघात झाला तिथेच करावा असं नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरीही वाट बंद होत नाही. अशा अपघातात मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख, गंभीर इजा झाली तर पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. गाडीचा नंबर नको, चूक कुणाची हे सिद्ध करायला नको. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात द्यायचा. सोबत ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत, पोलिसांचा एफआयआर आणि दवाखान्याचे कागद. ही योजना इतक्या थोड्यांना माहीत आहे, की तुमच्या ओळखीत असं कुणाचं घर असेल, तर त्यांना तहसील कचेरीत सोबत घेऊन जा.